मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची

पुण्याच्या सार्वजनिक सभेने जुलै १८७८ पासून इंग्रजी भाषेत एक त्रैमासिक काढण्यास प्रारंभ केला. त्याचे जुने खंड आता मोजक्याच ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. पिवळी पडलेली ती पाने चाळू लागले म्हणजे वाचक चकित होतो. जमीनमहसुलाची पद्धत, स्थानिक स्वराज्य, शेतकऱ्याचे कर्ज हे विषय तर त्यात आहेतच. परंतु रशियातील भूदासांची मुक्तता कशी झाली, प्रशियाने आपल्या कुळांसाठी कोणते जमीनकायदे केले, आणि त्यांवरून हिंदुस्थान सरकारने काय शिकावे, याचेही विवेचन तेथे आढळते. ज्या काळी पुण्यातील पुष्कळ सुशिक्षितांना प्रशिया नकाशावर दाखविताना विचार करावा लागला असता, त्या काळी हे लिहिणारा कोण, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. उत्तरासाठी लेखाच्या अखेरीस पाहावे, तर तेथे नाव नाही. आरंभी नाही, शेवटी नाही, अनुक्रमणिकेतही नाही. खाली पाहिले तरी सभेचे त्रैमासिक, आणि वर पाहिले तरी सभेचे त्रैमासिक.

यातील बहुतेक महत्त्वाचे लेखन माधवराव रानडे यांच्या हातचे होते, ही गोष्ट पुण्यात त्या वेळीही अनेकांना ठाऊक होती. सरकारलाही ती ठाऊक असावी, असे पुढील हकिगतीवरून दिसेल. हाताने लिहिलेले असे म्हणणे देखील तितकेसे बरोबर नाही; कारण माधवरावांची दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे आणि बरेचसे लेखन ते तोंडाने सांगत व दुसरा उतरून घेई. म्हणजे विचार एकाचा, अक्षर दुसऱ्याचे आणि नाव सभेचे, असा हा प्रकार होता. तो नुसता त्रैमासिकापुरता नव्हता. सरकारकडे जाणारे अर्ज, दुष्काळाचे अहवाल, आयोगापुढे ठेवावयाच्या कैफियती, या सर्वांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हीच रीत चालत असे.

प्रथम एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. सार्वजनिक सभा रानड्यांनी स्थापन केली, असे सहज बोलण्यात येते. ते खरे नाही. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली तेव्हा रानडे पुण्यात नव्हतेच. ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते. सभेच्या स्थापनेचे श्रेय गणेश वासुदेव जोशी या पुण्याच्या वकिलाचे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता; त्या गाऱ्हाण्यातून चर्चा निघाली, आणि देवस्थानापुरते न थांबता लोकांची सर्वच गाऱ्हाणी सरकारापुढे मांडणारी एक कायमची संस्था असावी, असा विचार पुढे आला. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम करण्यात आला आणि आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या उभ्या राहिल्या. मतदान म्हणजे काय हे ज्या प्रांतात कोणास अनुभवाने ठाऊक नव्हते, तेथे ही कल्पना काढणारा मनुष्य साधा नव्हे. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले आणि पुढे त्यांचे खरे नाव मागे पडून तेच रूढ झाले.

रानडे पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होऊन पुण्यास आले, ते १८७१ च्या अखेरीस. वय तीस वर्षांचेही नव्हते. निफाडास जन्मलेला आणि कोल्हापुरास शिकू लागलेला हा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेश परीक्षेत, १८५९ साली, उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांपैकी एक. पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतही त्यांचे नाव. अशा विद्वत्तेचा माणूस एखाद्या गावात येऊन पडला आणि तेथे एक नुकतीच जन्मलेली, धडपडणारी संस्था असली, म्हणजे काय होते याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ सापडतील. नवा विद्वान जुन्या कार्यकर्त्याला बाजूस सारतो. नाही तर जुना कार्यकर्ता नव्याला उंबरठ्यावरच थोपवितो. पुण्यात यांपैकी काहीच घडले नाही. काकांची खुर्ची काकांकडेच राहिली. रानडे संध्याकाळी सभेच्या मंडळींत जाऊन बसत, माहिती कोठून मिळवावी, आकडे कसे जुळवावेत, अर्जातील मागणी कायद्याच्या कोणत्या कलमास धरून मांडावी, हे सांगत आणि रात्री मसुदा पुरा करीत. तो मसुदा मंडळापुढे वाचला जाई, त्यावर वाद होई, मंजूर झाला म्हणजे चिटणीसांच्या सहीने सरकारकडे रवाना होई.

येथे कोणी म्हणेल की, यात नम्रतेचा प्रश्नच कोठे आला? सरकारी न्यायाधीशाला राजकीय संस्थेचा अधिकारी होता येत नव्हते; नाव पुढे न करणे हा निव्वळ नोकरीचा नाइलाज होता. या आक्षेपात तथ्य आहे, आणि रानड्यांच्या भक्तांनी तो फारसा मनावर घेतला नाही ही त्यांची चूक होय. नोकरी सोडून उघडपणे पुढे यावे, आडपडद्याने तीर मारू नयेत, असे म्हणणारे लोक त्या काळीही पुण्यात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेची नोकरी सोडून दिली, त्यानंतर तर ही तुलना अधिकच टोचू लागली असेल. तेव्हा नाइलाज होता, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. पाहावयाचे ते एवढेच की, त्या नाइलाजाचे माधवरावांनी काय केले.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. सीमाभागातील जुन्या घराण्यांतून त्या दुष्काळाच्या गोष्टी पुढे पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या, त्या उगाच नव्हेत. एकंदर दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसे त्यात मेली. सरकारने खडी फोडण्याची व तलाव खणण्याची कामे काढली. हिंदुस्थान सरकारच्या वतीने सर रिचर्ड टेंपल पाहणीस आले. खर्च वाढू नये ही त्यांना मुख्य काळजी. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरेशी आहे, असा निर्णय त्यांनी दिला. तुरुंगातल्या कैद्याला याहून अधिक शिधा मिळत असे. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यातील कामांवरून हजारो मजूर बायकामुलांसह उठून गेले. दंगा नाही, मारामारी नाही. इतक्या मजुरीवर काम करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. उपाशी माणसाने काम टाकून बसणे म्हणजे काय, हे ज्याला समजेल त्याला त्या घटनेचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

सभेचे त्या वर्षातील काम हा तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग होय. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे धाडली. त्यांनी गावोगाव फिरून पीक किती आणे आले, गुरे किती मेली, गाव सोडून किती कुटुंबे गेली, कामावर मजुरी प्रत्यक्ष किती हातात पडते, बाजारात ज्वारीचा भाव काय, याची माहिती गोळा केली. ही माहिती पुण्यास येई. तेथे तिची छाननी होई आणि तिच्यातून एकामागून एक अहवाल तयार होऊन सरकारच्या चिटणिसाकडे जात. या अहवालांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत आक्रोश अगदी कमी आणि आकडे पुष्कळ. सरकार क्रूर आहे असे विधान करण्याऐवजी सरकारचेच पूर्वीचे नियम, सरकारच्याच अधिकाऱ्यांची मते आणि सरकारनेच ठरविलेले दर एकापुढे एक ठेवून, नव्या मजुरीत माणूस जगत नाही हे दाखवून दिलेले असे. ही घडण न्यायाधीशाची आहे. तरीही हे अहवाल फिरणाऱ्या माणसांच्या पायपिटीवाचून कवडीमोल ठरले असते, आणि रानड्यांना ते पुरते माहीत होते. कलादगीच्या उन्हात हिंडून आलेल्या माणसाने आणलेली बातमी अहवालात जशीच्या तशी, तिच्या गावाच्या नावासह येते. तिच्यावर मसुदा लिहिणाराची छाया पडू दिलेली नाही.

सरकारने लगेच ऐकले असे नाही. उलट, एका रत्तलाचे कर्ते टेंपलसाहेब त्याच साली मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. परंतु पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या शिफारशींत मजुरीचे माप याहून वरचे राहिले आणि दुष्काळात सरकारने काय केलेच पाहिजे याचे लेखी नियम प्रांतोप्रांती तयार झाले. हा पालट अनेकांच्या ओरडीमुळे घडला. मद्रासकडचे डॉक्टर, इंग्लंडातील वृत्तपत्रे, सर्वांचा त्यात वाटा आहे. सभेचा वाटा त्यांत लहान नव्हता, आणि सभेच्या वाट्यातला रानड्यांचा वाटा किती, हे कागदावरून ठरविता येत नाही.

याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेतल्याचा तो समारंभ. राजेरजवाड्यांच्या जरतारी पोशाखांत सार्वजनिक काका सभेचे मानपत्र घेऊन गेले, ते जाड्याभरड्या खादीच्या वेषात. स्वदेशी सुताचीच वस्त्रे वापरण्याचे व्रत त्यांनी १८७२ पासून घेतले होते. काकांची ती मूर्ती लोकांच्या मनात ठसली. गांधींच्या खादीच्या चाळीस वर्षे आधी हा पुणेरी वकील त्या वेषाने दिल्लीस गेला, याचा अभिमान महाराष्ट्राने बाळगला तो रास्तच आहे. या कौतुकात स्वदेशीचे अर्थशास्त्र कोठून आले याची चौकशी फार कोणी केली नाही. १८७२-७३ साली देशी व्यापार व उद्योग यांवर पुण्यात जी व्याख्याने झाली, ती रानड्यांची होती. काकांनी ती ऐकून अंगावर घातली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र अंगावर घालण्याचे धैर्य काकांचे, हेही तितकेच खरे.

त्या व्याख्यानांना आणखी एक श्रोता होता. लष्करी हिशेबखात्यातला तो कारकून म्हणजे वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली फडक्यांनी बंड उभारले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या बुधवारवाड्यास व विश्रामबागवाड्यास आग लागली. सरकारच्या मनातील संशयाचा धूर आता एकाच दिशेने जाऊ लागला. रानड्यांची बदली त्याआधीच, १८७८ साली, नाशिकास झाली होती. उन्हाळ्याच्या सुटीत ते पुण्यास आले असता, सुटी संपण्याचीही वाट न पाहता, धुळ्यास हजर होण्याचा हुकूम त्यांच्या हाती पडला. धुळ्यात त्यांची पत्रे फोडली जात. बंडखोरांकडून आली आहेत असे भासविणारी पत्रेही त्यांच्या नावे येऊ लागली. ती त्यांनी निमूटपणे पोलिसांच्या स्वाधीन केली. ही हकिगत त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. पुढे संशय फिटला. पण हे ध्यानात घेण्यासारखे आहे की, ज्या कामाचे श्रेय रानड्यांच्या नावावर कधी जमा झाले नव्हते, त्याची शिक्षा मात्र त्यांच्याच नावावर पडली. आणि तीविषयी त्यांनी तक्रार केल्याचे, किंवा मसुदे लिहिणे थांबविल्याचे दिसत नाही. फडक्यांचे वकीलपत्र घ्यावयास फारसे कोणी धजत नव्हते, तेव्हा ते घेतले सार्वजनिक काकांनी. दुसऱ्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये, काका वारले.

काका गेल्यावर रानड्यांना पुढे येण्यास जागा मोकळी झाली होती, असे नाही, नोकरी होतीच. परंतु १८८१ नंतर पुण्यात त्यांचा जम पुन्हा बसला, तेव्हा त्यांनी जे केले त्यात नाइलाजाच्या पलीकडचे काहीतरी दिसू लागते. माणसे हेरून त्यांच्या हाती कामे सोपविण्याचा त्यांना जणू छंदच जडला. मुलींसाठी १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली. तिच्या उभारणीत वामन आबाजी मोडक, भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित यांची नावे रानड्यांच्या बरोबरीने घेतली जातात. १८९० साली औद्योगिक परिषद भरू लागली. प्रत्येक ठिकाणी दुसरा कोणीतरी चिटणीस, आणि माधवराव मागच्या रांगेत.

सोलापूरकडे सरकारी शाळेत गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शिक्षक होते. सार्वजनिक काकाही गणेश जोशीच, त्यामुळे या दोघांची पुढे गल्लत होऊ लागली. या दुसऱ्या जोशींना सरकारी अहवालांतील आकडे वाचण्याचे विलक्षण वेड. अर्थसंकल्पाच्या निळ्या पुस्तकांतून लपलेली तूट किंवा झाकलेली शिल्लक ते अचूक हुडकून काढीत. रानड्यांनी त्यांना त्रैमासिकात लिहिते केले, अर्थात बिननावी. आणि १८८७ साली त्रैमासिकाच्या संपादनाचे काम गोपाळ कृष्ण गोखले या एकवीस वर्षांच्या तरुण प्राध्यापकाच्या स्वाधीन करण्यात आले. १८९० मध्ये गोखले सभेचे चिटणीसही झाले.

गोखल्यांचे शिक्षण कसे झाले, ते त्यांनीच पुढे अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे. विषय द्यावा, वाचावयाची पुस्तके सांगावी, मसुदा लिहून आणवावा, तो ओळीओळीने तपासावा, एक आकडा चुकला तर सर्व कागद परत करावा, अशी ती शिस्त होती. एकदा अतोनात श्रम घेऊन तयार केलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींची पोच आली, तेव्हा गोखले कंटाळून गेले. सरकार वाचीतसुद्धा नाही, तर इतके रक्त आटविण्यात काय अर्थ, असे त्यांनी विचारले. रानड्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात. खरे पाहता ते आपल्या लोकांना लिहिलेले आहेत, या विषयांवर विचार कसा करावा हे लोकांनी शिकावे म्हणून. हे राजकारण या देशात अगदी नवे आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता अशी पुष्कळ वर्षे काढावी लागतील.

या एका उत्तराने त्यांच्या सर्व वागणुकीचा उलगडा होतो. अर्जाचा हेतू जर सरकारकडून काही मिळविणे एवढाच असता, तर सर्वांत वजनदार माणसाचे नाव खाली घालणे शहाणपणाचे झाले असते. हेतू माणसे शिकविण्याचा होता. शिकणाऱ्याच्या हातून काम करवून ते आपल्या नावावर मांडणारा गुरू त्याला काही शिकवीत नाही, उलट त्याची उमेद खच्ची करतो. तेव्हा गोखल्यांचे नाव पुढे असणे ही त्या शिक्षणाची गरजच होती. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. तिशीतल्या या माणसाने तेथील मुरब्बी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीस ज्या तयारीने तोंड दिले, तिची वाखाणणी झाली. त्या साक्षीतील आकडे गणेश व्यंकटेश जोशींचे होते आणि मांडणीवर रानड्यांचा हात फिरला होता. गोखल्यांनीही विलायतेहून जोशींना पत्र लिहून, ही स्तुती वास्तविक तुमची व रावसाहेबांची आहे, असे कळविले. श्रेय सोडून देण्याची ही रीत अशी एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती.

परंतु हा स्वभाव सर्वत्र हितकारकच ठरला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्वतःचा आग्रह न धरणारा मनुष्य कधी कधी जेथे धरावयास हवा तेथेही धरीत नाही. विधवाविवाहाच्या चळवळीचे रानडे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा एखाद्या विधवेशी विवाह करून ते उदाहरण घालून देतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून त्यांनी महिना-दोन महिन्यांतच अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात १८९२ साली त्यांनी मित्राच्या अडचणीखातर प्रायश्चित्त घेतले, त्या वेळीही सुधारकांची मने दुखावली. रमाबाईंनाही ते सहन झाले नाही. आपल्या नावाची पर्वा न करणे हा गुण त्या प्रसंगांतही होताच, पण तेथे त्यांच्या नावाबरोबर एका चळवळीचे नावही खाली आले. त्या चळवळीशी ज्या निराधार स्त्रियांचे आयुष्य बांधलेले होते, त्यांना या नम्रतेचे कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, राष्ट्रीय सभेच्या जोडीने १८८७ पासून भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे धुरीणत्व त्यांनी उघडपणे आपल्याकडे घेतले होते. वर्षानुवर्षे तेथे तेच मुख्य भाषण करीत. राजकारणात हार मिळत आणि समाजसुधारणेत शिव्या मिळत, असा तो काळ होता. माधवरावांनी आपले नाव कोठे लावले आणि कोठे गाळले, याचा हिशेब करताना ही बाब जमेस धरावी लागते.

१८९३ साली तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि मुंबईस गेले. दोनच वर्षांनी पुण्यात वादळ झाले. जुलै १८९५ मध्ये सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळविले. पंचवीस वर्षे जिच्यासाठी लेखणी झिजविली ती सभा रानड्यांच्या मंडळींच्या हातून गेली. गोखल्यांनी चिटणीसपद सोडले. कागदोपत्री पाहिले तर माधवरावांचे तेथून काहीच गेले नाही. कारण कागदोपत्री तेथे त्यांचे काही नव्हतेच. त्याच वर्षाअखेर पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही, यावरून मारामारीपर्यंत मजल जाण्याचा रंग दिसू लागला. रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरविली. माघार म्हणून त्यांची टवाळी झाली. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मात्र निर्विघ्न पार पडले, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षीय भाषणाचा गौरव झाला. पुढील वर्षी डेक्कन सभा या नावाची दुसरी संस्था निघाली. सभा हातची गेल्याचे दुःख रानड्यांना झाले नसेल असे नाही. डेक्कन सभा काढण्याची गरज भासली, यातच ते दिसते.

यानंतर जे घडले ते इतिहासातील विचित्र योगायोगांपैकी एक होय. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांच्या ताब्यातील सार्वजनिक सभेने काय केले? गावोगाव माणसे धाडली. पीकपाण्याची माहिती गोळा केली. सरकारचे दुष्काळी नियम मराठीत छापून वाटले. त्या नियमांप्रमाणे तुम्हाला काम व सूट मागण्याचा हक्क आहे, असे शेतकऱ्यांना सांगितले. वीस वर्षांपूर्वी घालून दिलेल्या वाटेवरूनच हे पाऊल पडत होते. त्यात जोर अधिक होता, भाषा निराळी होती, आणि सरकारपेक्षा रयतेकडे तोंड वळलेले होते. परंतु नियमावर बोट ठेवून हक्क मागण्याचे ते तंत्र १८७७ च्या अहवालांत शिकलेले होते. ते कोणापासून शिकलो हे नव्या मंडळींना आठवले असेल वा नसेल. सरकारने मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तले, तेव्हा टिळकांनी केसरीत लिहिलेल्या मृत्युलेखात मतभेद बाजूस ठेवून, निश्चेष्ट पडलेल्या महाराष्ट्रात पुन्हा जिवंतपणा आणण्याचे श्रेय निःसंकोचपणे माधवरावांना दिले.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९०० साली, रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथात त्यांनी मांडलेला सिद्धांत असा की, स्वराज्य हे एकट्या पराक्रमी पुरुषाचे साहस नव्हते. संतांनी, शेतकऱ्यांनी, देशमुख-देशपांड्यांनी, साऱ्या समाजाने जी जागृती अनुभवली होती तिला शिवाजी महाराजांनी रूप दिले. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि संतांना दिलेला वाटा अनेक इतिहासकारांना मान्य झाला नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःला अनेकांतला एक मानले त्यालाच इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे सुचावे, यात नवल नाही. हे काम मुळात तेलंगांच्या सहकार्याने करावयाचे होते. तेलंग मध्येच गेले. त्यांचा बखरींवरील निबंध रानड्यांनी त्यांच्या नावाने आपल्या ग्रंथाच्या शेवटी छापला.

त्रैमासिकातील काही लेख रानड्यांच्या नावाने संग्रहरूपाने निघाले, ते त्यांच्या शेवटच्या वर्षांत. आणखी काही लेखन रमाबाईंनी १९१५ साली छापविले. तिकडे सोलापूरच्या जोशी मास्तरांचे लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ साली पुस्तकरूपाने बाहेर आले, तेव्हा आपण ज्यांना एवढी वर्षे रानड्यांचे समजत होतो त्यांतले काही निबंध या मास्तरांचे आहेत, असे वाचकांच्या ध्यानात आले. जुन्या खंडांत ते दोघेही एकाच कागदावर, एकाच टाइपात, शेजारी शेजारी आहेत आणि खाली कोणाचेच नाव नाही.